लहानपणी हार्टचं ऑपरेशन झालेली पोरं १८ वर्षांची झाली की पुढं कुणाकडं?

खडू_फळा

नमस्कार मंडळी. मी सोलापुरातच हायस्कूलला विज्ञान शिकवते. विषय मोठा आहे, धागा लांबेल, पण इथं डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत, पालक आहेत आणि स्वतः लहानपणी हार्टचं ऑपरेशन झालेलेही दोघंतिघं आहेत म्हणून इथंच मांडते.

आरबीएसकेचं (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं) पथक शाळेत वर्षातून एकदा तपासणीला येतं, अंगणवाडीत दोनदा. २०१३ साली हा कार्यक्रम आपल्या महाराष्ट्रातच, पालघरला सुरू झाला. आमच्या शाळेतल्या कितीतरी पोरांचा हार्टचा जन्मजात दोष ह्या पथकाच्या डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावल्यावर सापडला, मग इको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी झाली, मग मुंबईला नाहीतर पुण्याला ऑपरेशन, तेही एक पैसा न घेता. विड्या वळणाऱ्या बाईच्या पोरीचं ओपन हार्ट फुकट होतं ही फार मोठी गोष्ट आहे, मी डोळ्यांनी बघितलीय.

पण हा कार्यक्रम १८ वर्षांपर्यंतच आहे. आणि पाचवी-सहावीत ऑपरेशन होऊन आलेली ती पोरं आता कुणी बारावीला, कुणी आयटीआयला, कुणी एमआयडीसीत कामाला, एकदोन पोरींची लग्नं ठरतायत. रस्त्यात भेटली की मी विचारते शेवटचा इको कधी केला रे, तर सगळ्यांचं एकच, "आता कशाला मॅडम, बरा झालो की." काय झालं होतं विचारलं तर "छिद्र होतं". कुठं होतं, काय केलं, आत काही बसवलंय का, परत कधी दाखवायचं, काही माहिती नाही. सगळं आईला माहिती, आणि आईलाही त्यावेळी घाबरलेल्या अवस्थेत जेवढं कानावर पडलं तेवढंच.

माझं म्हणणं असं की हृदय पोराचं आहे तर त्याची माहिती पोराच्या डोक्यात आणि फाईल पोराच्या हातात गेली पाहिजे, आणि ते १८व्या वाढदिवसाला एका दिवसात होणार नाही, १२-१३ पासूनच सुरू करायला पाहिजे. ह्यात शाळेनं काय करावं, घरच्यांनी काय करावं, आणि सोलापुरात राहून मोठेपणी दाखवायचं कुणाला, ज्याला जे माहिती आहे ते लिहा प्लीज.

मोहोळचा_बाप

मॅडम तुमची कळकळ समजते पण मला हे पटत नाही. माझ्या पोरीचं ३ वर्षांची असताना छिद्र बंद केलं, नंतर दोनतीन वर्ष दाखवत होतो, मग डॉक्टरच म्हणले आता नॉर्मल आहे. आता ती १९ ची आहे, बी.कॉम.ला आहे, स्थळं यायला लागलीत. आता परत घरात हार्ट हार्ट सुरू केलं तर पोरीच्या मनात भीती बसणार आणि बाहेर चार लोकात बोभाटा होणार तो वेगळाच. देवाच्या कृपेनं बरी आहे तर बरी राहू द्या.

सिस्टर_ओपीडी

मोहोळच्या दादा, मी कार्डियाक ओपीडीत बरीच वर्षं काम करते. तुमचं अर्धं खरं आहे आणि ते आधी सांगते म्हणजे बाकीचे पालक उगाच घाबरणार नाहीत. साधं छिद्र असेल, म्हणजे एएसडी, व्हीएसडी किंवा पीडीए, वेळेत पूर्ण बंद झालं असेल, आतून गळती राहिली नसेल, फुफ्फुसातलं प्रेशर नॉर्मल असेल तर ती मुलगी बाकीच्यांसारखीच जगते. तिला दर सहा महिन्याला कुणी बोलवत नाही, काही वर्षांनी एकदा दाखवलं तरी चालतं. पण हे "साधं होतं, पूर्ण बंद झालं" हे कागदावर बघितल्याशिवाय कळत नाही दादा. गावात सगळ्याच दोषांना छिद्रच म्हणतात. टेट्रालॉजी ऑफ फॅलो असलेल्या निळ्या बाळाच्या घरचेही छिद्रच म्हणतात, आणि त्यात छिद्रासोबत फुफ्फुसाकडं जाणारी वाट अरुंद असते, महाधमनी जागेवरून सरकलेली असते आणि उजवा कप्पा जाड झालेला असतो. चार गोष्टी. ते ऑपरेशन झालेल्याला आयुष्यभर दाखवत राहावं लागतं.

तुम्ही पोरीची फाईल काढा, नाव काय लिहिलंय ते इथं टाका किंवा मला व्यनि (खासगी निरोप) करा, मी सांगते पुढं किती लक्ष द्यायला लागेल ते.

हुतात्मा_एक्सप्रेस

सिस्टरनी लिहिलेला फॅलोवाला मी. वय २७, सोलापूरचा, नोकरी पुण्यात, शनिवार-रविवार घरी. मोठी पोस्ट आहे, वाचा.

माझं ऑपरेशन ४ वर्षांचा असताना झालं. दहावीपर्यंत आईबाबा वर्षातून एकदा घेऊन जायचे. आईच्या हातात फाईल, डॉक्टर मला विचारायचे "दम लागतो का रे" आणि उत्तर आई द्यायची. मी खुर्चीवर बसून भिंतीवरचे ससे-हत्ती बघायचो. शेवटच्या वेळी तिथं सांगितलं की आता हा मोठा झाला, पुढच्या वेळी मोठ्यांच्या डॉक्टरकडं दाखवा. कुठल्या डॉक्टरकडं, का, किती दिवसांनी, काही नाही, चिठ्ठी पण नाही. त्या हॉस्पिटलनं माझा जीव वाचवलाय, त्याबद्दल कृतज्ञता आहेच, पण तो एक कागद दिला असता तर पुढची सगळी वर्षं अशी गेली नसती. कॉलेज झालं, नोकरी लागली, क्रिकेट खेळत होतो, काही त्रास नाही.

कंपनीच्या मेडिकलमध्ये ईसीजी काढला आणि तिथला डॉक्टर म्हणाला हे काय आहे. मग कार्डिऑलॉजिस्ट, मग इको, मग एमआरआय. लहानपणी फुफ्फुसाकडची वाट मोठी करताना ती झडप कापावी लागते किंवा तिच्यावर पॅच लावतात, त्यामुळं ती नंतर गळत राहते. रक्त मागं येतं, उजवा कप्पा वर्षानुवर्षं फुगत जातो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बरीच वर्षं कळतच नाही. थकवा येतो तो आपण कामाचा समजतो. कप्पा फार फुगायच्या आत नवीन झडप बसवली तर तो परत लहान होतो, उशीर झाला की तेवढा होत नाही आणि ठोक्यांची गडबड सुरू होते, त्यातून जिवाला धोका असतो. माझी झडप बसवली, आता व्यवस्थित आहे, पण डॉक्टर स्पष्ट म्हणाले की दोनतीन वर्षं आधी आला असतास तर बरं झालं असतं.

मला कुणी घाबरवलं नाही म्हणून मी निवांत होतो. मोहोळकर काका, राग मानू नका, पण ती निवांती मला महाग पडली.

मोहोळचा_बाप

राग नाही रे बाबा. वाचून अंगावर काटा आला. फाईल काढतो आज.

बार्शीचा_डॉक्टर

चांगला धागा. मी एमडी मेडिसिन, हृदयरोगतज्ज्ञ नाही, पण ह्या वयातली पोरं ताप-खोकल्याला माझ्याकडं येतात तेव्हा शर्ट वर केल्यावर छातीवरचा व्रण दिसतो, म्हणून बोलायचा थोडा अधिकार आहे.

पहिली गोष्ट, हा आपल्याच गावाचा प्रश्न आहे असं समजू नका. कॅनडात, जिथं उपचार सरकारी खर्चानं होतात तिथं, ओंटारियो प्रांतात २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गुंतागुंतीचा दोष असलेली १९ ते २१ वयाची ३६० पोरं घेतली आणि बघितलं की त्यातली किती जण मोठ्यांच्या विशेष केंद्रात पोचली. ४७ टक्के. निम्मीसुद्धा नाहीत. आणि जी पोचली त्यांच्यात वेगळं काय होतं तेही बघितलं, तर त्यातली एक गोष्ट अशी की ती पोरं आईबापाशिवाय एकटी डॉक्टरसमोर बसायला आधीपासून शिकली होती. दुसरी, पुढं कुठं दाखवायचं हे त्यांच्या कागदांवर लिहिलेलं होतं. हुतात्मा_एक्सप्रेसच्या बाबतीत दोन्ही नव्हतं. खडू_फळा मॅडम जे म्हणतायत त्याला चांगला आधार आहे. अमेरिकेतल्या हार्ट असोसिएशननं पण २०११ साली हेच सांगितलंय की तयारी १२व्या वर्षाच्या आसपास सुरू करा.

दुसरी गोष्ट डॉक्टरांची. जिल्ह्याच्या गावातल्या हृदयरोगतज्ज्ञाचा दिवस ब्लॉकेज, अँजिओप्लास्टी, बीपी ह्यात जातो. फाँटन (खालचा एकच कप्पा कामाचा असतो तेव्हा शिरांमधलं रक्त थेट फुफ्फुसाकडं वळवायचं ऑपरेशन) केलेलं हृदय किंवा लहानपणी धमन्यांची अदलाबदल केलेलं हृदय त्यांच्याकडं क्वचित येतं. मुलांच्या हृदयाच्या डॉक्टरला दोष पाठ असतो पण पंचवीस वर्षांच्या माणसाचं बीपी, शुगर, बाळंतपण हा त्याचा रोजचा विषय नाही. दोन्ही येणारे, म्हणजे प्रौढांमधले जन्मजात हृदयदोष बघणारे, मोठ्या शहरांतल्या मोजक्या केंद्रांत आहेत. म्हणून मी माझ्या पेशंटला सांगतो की दोन डॉक्टर ठेवा. सोलापुरातला एक कार्डिऑलॉजिस्ट, जो तुम्हाला तोंडानं ओळखतो आणि रात्री-अपरात्री उपयोगी पडेल, आणि मोठ्या केंद्रातला एक, ज्याच्याकडं वर्षा-दोन वर्षांनी जायचं. दोघांच्या चिठ्ठ्या एकाच फाईलला.

एक फार महत्त्वाचं. डिस्चार्ज कार्डावर भागवू नका, ऑपरेशन नोटची झेरॉक्स मागून घ्या. आपल्याकडच्या २००२ च्या नियमांप्रमाणं डॉक्टरनं इनडोअर पेशंटचे कागद ३ वर्षं ठेवले पाहिजेत आणि मागितल्यावर ७२ तासांत दिले पाहिजेत. तीन वर्षांनंतर ते असतीलच ह्याची खात्री नाही. जिथं ऑपरेशन झालं तिथं आजच अर्ज करा. १५ वर्षांनी दुसऱ्या सर्जनला छाती परत उघडायची असेल तर आधीच्यानं नक्की काय केलंय हे कळणं ह्यावर बरंच अवलंबून असतं.

अक्कलकोटची_आई

डॉक्टरसाहेबांनी फाँटनचं नाव काढलं म्हणून लिहिते. माझा मुलगा १६ वर्षांचा, त्याला जन्मतः एकच खालचा कप्पा कामाचा. दोन टप्प्यात ऑपरेशन केलं, शेवटचं फाँटन. आता अकरावीला.

खरं सांगते, त्याला सगळं सांगायची मला हिंमत होत नाही. त्याला एवढंच माहिती आहे की त्याला पळायला जमत नाही आणि गोळी चुकवायची नाही. गोळ्या मी काढून देते, पाणी मी भरून देते, डॉक्टरशी मी बोलते. मागच्या वेळी डॉक्टर म्हणाल्या ताई तुम्ही जरा बाहेर थांबा, मला त्याच्याशी एकट्याशी बोलू द्या. मला इतकं वाईट वाटलं की सांगता येत नाही. १६ वर्षं ज्याच्यासाठी रात्रीचे दिवस केले त्याच्याजवळून मलाच उठवतात असं वाटलं. हे चुकीचं आहे का माहिती नाही पण वाटलं.

सिस्टर_ओपीडी

ताई, चुकीचं अजिबात नाही. ओपीडीच्या दाराबाहेर अशा कितीतरी आया डोळे पुसत बसलेल्या मी बघते आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसते पण. तुम्हाला कुणी बाजूला काढत नाही. पण त्या दहा मिनिटांत पोरं जे विचारतात ते आईसमोर कधीच विचारणार नाहीत. "मी किती वर्षं जगणार", "मित्र बियर पितात, एखादा घोट घेतला तर काय होईल", "माझं लग्न होईल का", "मला मुलंबाळं होतील का". बाहेरून हसतखेळत असलेलं पोरगं आत हे घेऊन बसलेलं असतं आणि मग मोबाईलवर शोधतं, तिथं काहीतरी भलतंच वाचतं. त्यापेक्षा डॉक्टरच्या तोंडून ऐकलेलं हजारपट बरं.

सुरुवात लहान गोष्टीपासून करा. ह्या महिन्यापासून गोळ्यांचा डबा तो भरेल, तुम्ही नुसतं बघा. गोळीचं नाव आणि ती कशासाठी आहे हे त्याला येऊ द्या. पुढच्या भेटीआधी तो तीन प्रश्न स्वतः वहीत लिहील आणि पहिल्यांदा तो बोलेल, राहिलं तर तुम्ही. १८ चा होईपर्यंत अपॉइंटमेंटचा फोन त्याचा. हे सगळं तुम्ही घरात असताना, तुमच्या डोळ्यांसमोर व्हायला पाहिजे, कारण तो उद्या इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर गेला की तिथं तुम्ही नसणार.

आणि फाँटनच्या मुलांबद्दल दोन गोष्टी सगळ्यांनीच लक्षात ठेवा. त्यांच्या हृदयाइतकंच लिव्हरकडं बघावं लागतं, कारण शिरांमधलं प्रेशर कायम वाढलेलं असतं, म्हणून रक्ताच्या तपासण्या आणि पोटाची सोनोग्राफी ठरल्या वेळी करायची. आणि अंगातलं पाणी कमी होऊ द्यायचं नाही. आपल्या सोलापूरचा एप्रिल-मे कसा असतो सांगायला नको. जुलाब-उलट्या झाल्या तर घरी वाट बघत बसायचं नाही, लगेच दाखवायचं. निर्जळी उपवास, कडक रोजे ह्याबाबत आधी डॉक्टरला विचारायचं. ज्यांची ओठ-नखं अजून निळी आहेत त्यांना तर पाणी कमी पडलं की रक्त घट्ट होऊन पॅरालिसिसचा धोका असतो.

अक्कलकोटची_आई

वाचून दाखवलं त्याला. म्हणाला, आई, लिव्हरचं मला माहिती आहे, मी कधीचं वाचलंय. मी गप्पच बसले. डबा आजपासून त्याच्याकडं दिला.

टिकटिक

हाय. मी २४, मला १७व्या वर्षी धातूची झडप बसवली. शांत खोलीत टिकटिक ऐकू येते, त्यावरून हे नाव. मी मुलींच्या बाजूनं लिहिते कारण हे कुणीच बोलत नाही.

मला रक्त पातळ ठेवायची गोळी आयुष्यभर आहे आणि आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याची, तपासणी ठरल्या वेळी. लहानपणी सगळं मुलांच्या वॉर्डात झालं त्यामुळं पाळी, लग्न, बाळ ह्यावर एक शब्द कुणी काढला नाही. पाळीत मला खूप रक्त जायचं, ते गोळीमुळं होतं हे मला माझ्या मैत्रिणीच्या डॉक्टर बहिणीनं सांगितलं. आणि ही रक्त पातळ करायची गोळी गरोदरपणाच्या पहिल्या काही आठवड्यांत बाळाला अपाय करू शकते, म्हणून बाळाचा विचार करायच्या आधी, म्हणजे दिवस राहायच्या आधी, हार्टचा डॉक्टर आणि बाळंतपणाचा डॉक्टर दोघांना एकत्र विचारायचं असतं. दिवस गेल्यावर कळलं तर धावपळ होते, आणि घाबरून गोळी स्वतःच्या मनानं बंद केली तर झडपेवर गुठळी होऊन जीव जाऊ शकतो. हे प्रत्येक मुलीला १८च्या आत माहिती पाहिजे, लग्न ठरल्यावर नाही.

दुसरं, आपल्याकडं सत्यनारायण असो, लग्न असो, गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी घरात पूजा असो, पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून सर्रास आणतात. गर्भनिरोधक गोळ्या पण. ज्या मुलींना फाँटन आहे, धातूची झडप आहे किंवा ज्या निळ्या आहेत त्यांना ह्यातल्या बऱ्याच हार्मोनच्या गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढतो. काकू-मावशीनं दिली म्हणून घ्यायची नाही. मला एका कार्यक्रमाला दिलेली, मी नाही म्हणाले तर घरात दोन दिवस अबोला होता. चालेल. अबोला परवडतो.

आणि मोहोळच्या काका, लपवून लग्न लावू नका हो. व्रण लपत नाही. माझं ठरलं तेव्हा मी स्वतः त्याला फाईल दाखवली, आईबाबा नको म्हणत होते. त्यानं वाचली, माझ्या डॉक्टरकडं येऊन प्रश्न विचारले, मगच हो म्हणाला. त्याआधी दोन स्थळांनी नकार दिला, ते बरंच झालं.

बार्शीचा_डॉक्टर

टिकटिक, तुम्ही हे लिहिलंत ते फार मोलाचं आहे. थोडी भर घालतो. जन्मजात दोष असलेल्या बऱ्याच मुलींचं बाळंतपण नीट होतं, फक्त कुणाला किती धोका हे दोषाप्रमाणं बदलतं आणि ते आधी तपासून ठरवतात. काही मोजक्या स्थितीत, उदाहरणार्थ छिद्र बंद न झाल्यानं फुफ्फुसाचं प्रेशर कायमचं वाढून रक्त उलटं वाहायला लागतं त्या आयझेनमेंगरमध्ये, गरोदर राहणं आईच्या जिवावर बेततं, तिथं स्पष्ट नाही सांगावं लागतं. आईला किंवा बापाला दोष असेल तर बाळाला असण्याची शक्यता साधारण ३ ते ५ टक्के धरतात, प्रकाराप्रमाणं कमीजास्त. म्हणून १८ ते २२ आठवड्यांत बाळाच्या हृदयाचा वेगळा इको करून घ्यायचा. बापाला दोष असेल तरीसुद्धा, हे पुरुषमंडळी विसरतात.

रक्त पातळ करायच्या गोळीवाल्यांनी कुठल्याही दवाखान्यात गेल्यावर तोंड उघडल्या उघडल्या तेच सांगायचं. अंगदुखीला कमरेत टोचून घ्यायचं इंजेक्शन नको, आत रक्त साकळतं. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन स्वतःच्या मनानं नको. मेथी, शेपू, अंबाडी सोडायची गरज नाही, पण एक आठवडा रोज आणि मग महिनाभर अजिबात नाही असं करू नका, आयएनआर हलतो.

विडी_घरकुल

सगळं खरं आहे ओ पण पोटाचं बघा की. आमच्या इथं कुंभारीला शेजारचं पोरगं, तेलुगू घर, आई विड्या वळते, बाप कारखान्यात. पोराचं ऑपरेशन फुकट झालं. तेव्हा पथकाच्या लोकांनी स्वतः फोन करून करून नेलं, कागद केले. आता पोरगं १९ चं आहे, फोन करणारं कुणी नाही. मुंबईला जायचं म्हणजे दोघांचा दोन-तीन दिवसांचा रोज बुडतो, गाडीभाडं, खाणं, इकोचे पैसे वेगळे. आई म्हणते दुखत नाही तर कशाला. तिला मी काय सांगू.

योजना_माहितगार

विडी_घरकुल भाऊ, मी योजनेच्या कामात होतो, जेवढं पक्कं माहिती आहे तेवढं सांगतो.

आरबीएसके १८ ला संपतं पण महात्मा फुले जन आरोग्य योजनेला वयाची अट नाही. आधीची राजीव गांधी जीवनदायी, २०१२ च्या जुलैत पहिल्या टप्प्यात ज्या ८ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात आपलं सोलापूर होतं, त्यामुळं आपल्याकडच्या लोकांना ती जुनी ओळखीची आहे. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो, त्याला रेशनकार्ड, आधार आणि जुनी फाईल दाखवायची. ऑपरेशन, अँजिओ, झडप बसवणं ह्यासारखं अ‍ॅडमिट होऊन करायचं काम असेल तर त्यात बसतं का ते तो सांगतो. काही ऑपरेशननंतरच्या फॉलोअपची पण पॅकेजं आहेत, ती विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, म्हणून विचाराच. नुसत्या ओपीडीच्या इकोचा खर्च मात्र बहुतेक वेळा खिशातून जातो, त्यासाठी आधी सिव्हिलला जाऊन बघा.

प्रवासाचं म्हणाल तर हार्टच्या ऑपरेशनसाठी जाणाऱ्या पेशंटला आणि सोबतच्या एकाला रेल्वेच्या तिकिटात सवलत आहे, हॉस्पिटलचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्ध तिकीट आहे, आई सोबत जाणार असेल तर तेवढं तरी वाचतं. मुंबईला रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडली तर मुक्काम वाचतो. परळला वाडिया मुलांचं आणि शेजारीच केईएम मोठ्यांचं, त्या भागाची आपल्या लोकांना सवय आहे.

नोकरी लागली की विम्याचं बघा. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आधीचा आजार बऱ्याचदा पहिल्या दिवसापासून कव्हर असतो. स्वतः घेणार असाल तर आधीच्या आजारासाठी थांबायची मुदत २०२४ पासून जास्तीत जास्त ३ वर्षं केली आहे. ऑपरेशन झालंय हे फॉर्मवर लिहा, लपवलं तर ऐनवेळी क्लेम नाकारतात.

खडू_फळा

किती माहिती मिळाली, सगळ्यांचे मनापासून आभार. विडी_घरकुल भाऊ, त्या आईला "दुखत नाही म्हणजे ठीक आहे" हे ह्या आजारात चालत नाही एवढंच हुतात्मा_एक्सप्रेसच्या गोष्टीवरून सांगा. त्यांच्या भाषेत सांगणारं कुणीतरी सोबत घ्या, तेलुगू येणाऱ्या आमच्या शाळेतल्या एक मॅडम यायला तयार आहेत, मी विचारलंय.

शाळेनं काय करावं ह्यावर मी असं ठरवलंय. आठवीपासून पुढच्या ज्या पोरांचं ऑपरेशन झालंय त्यांच्या घरी विचारून, परवानगी घेऊन, प्रत्येकाला स्वतःचं एक पान लिहायला लावणार. दोषाचं नाव, ऑपरेशन कुठलं आणि कुठल्या साली, आत काय बसवलंय, गोळ्या, कशाची अ‍ॅलर्जी, डॉक्टर कोण, पुढची तारीख. मराठीत स्वतःच्या अक्षरात, आणि खाली डॉक्टरांकडून इंग्रजीत. त्याचा फोटो मोबाईलमध्ये. पीटीच्या सरांनाही सांगणार की ह्या पोरांना सरसकट बाजूला बसवू नका, कुणाला काय चालतं हे डॉक्टरांकडून लिहून आणा. वर्गात बाकीच्यांसमोर मात्र कुणाचं नाव घेणार नाही, ह्याबाबत मी पक्की आहे.

सिस्टर_ओपीडी

पानावर दातांचं पण लिहा मॅडम. किडलेल्या दातातून, सुजलेल्या हिरडीतून जंतू रक्तात जातात आणि हृदयातल्या झडपेवर नाहीतर पॅचवर बसतात, तो आजार महिनामहिना अ‍ॅडमिट करतो. दात काढायच्या आधी अँटिबायोटिक सगळ्यांना लागत नाही, कृत्रिम झडप असलेल्यांना, आधी असा संसर्ग झालेल्यांना, निळ्या पेशंटना आणि अजून काही जणांना लागतं, ते ज्याच्या त्याच्या पानावर हो किंवा नाही असं लिहून घ्यायचं. दोन वेळा ब्रश सगळ्यांनीच. आणि गड्ड्याच्या जत्रेत टॅटू काढून घेणं, नाका-कानात नवीन टोचणं ह्या पोरांनी करू नये, सुई कुठली असते कुणाला माहिती. मावा, तंबाखू तर नकोच नको.

मोहोळचा_बाप

फाईल सापडली. व्हीएसडी लिहिलंय, पॅच क्लोजर, शेवटच्या इकोत "नो रेसिड्युअल शंट", म्हणजे गळती राहिलेली नाही. सिस्टरना पाठवलं, त्या म्हणाल्या साध्यातलं दिसतंय तरी इतक्या वर्षांत इको नाही तर एकदा करून घ्या. पुढच्या सोमवारी जातोय. पोरगी म्हणाली आत मी एकटी जाणार. म्हटलं जा.

भरती_२०२६

नमस्कार, मी बारावीला आहे, मॅडमनी धागा दाखवला. माझं पण फॅलोचं ऑपरेशन झालंय दुसरीत असताना. तीन वर्षं दाखवलं नाही. मी पोलीस भरतीची तयारी करतोय, रोज सकाळी ग्राउंडवर १६०० मीटर मारतो. वेळ चांगला येतोय पण शेवटच्या राउंडला कधी कधी छातीत फडफड होते, मग बसतो थोडा वेळ. घरी सांगितलं नाही. धावायचं बंद करायला सांगतील म्हणून डॉक्टरकडं जायची भीती वाटते.

बार्शीचा_डॉक्टर

बेटा, आधी हे कर. तपासणी होईपर्यंत वेळ लावून जोरात धावणं बंद, चालणं चालू ठेव. फडफड होते हे आज घरी सांग आणि ह्याच आठवड्यात कार्डिऑलॉजिस्टकडं जा, महिन्याभरानं नाही. मध्येच चक्कर आली, डोळ्यापुढं अंधार आला किंवा फडफड थांबेना झाली तर ग्राउंडवरून थेट इमर्जन्सीला. ईसीजी, इको, २४ तास ठोके मोजणारं होल्टर आणि ट्रेडमिलची टेस्ट लागेल, बहुतेक एमआरआय पण. डॉक्टरला "मी भरतीची तयारी करतो आणि शेवटच्या राउंडला फडफडतं" हे वाक्य असंच्या असं सांग, नुसतं "चेकअपला आलो" म्हणू नकोस. फॅलो झालेली बरीच पोरं व्यायाम करतात, खेळतात, करायलाच पाहिजे. तुला किती आणि कुठला चालेल हे टेस्टनंतर ठरेल. भरतीच्या मेडिकलचे नियम वेगळे असतात, तेही त्याच वेळी विचारून घे, म्हणजे दुसरी वाट धरायची असेल तर वर्ष वाया जाणार नाही.

हुतात्मा_एक्सप्रेस

भावा मी शुक्रवारी रात्री सोलापुरात येतोय. शनिवारी सकाळची अपॉइंटमेंट तू घे, फोन तूच कर, मी सोबत येतो. आत जाताना तू आणि तुझे बाबा जा, मी बाहेर बसतो. एमआरआय सांगितला तर घाबरू नकोस, त्यात नुसतं स्थिर पडून राहायचं आणि सांगितलं की श्वास धरायचा, आवाज मोठा येतो एवढंच. जुना इको आणि ऑपरेशनचे कागद असतील तेवढे घेऊन ये, नसतील तर कुठल्या हॉस्पिटलात झालं ते मला व्यनि कर, अर्ज कसा लिहायचा मी सांगतो.

भरती_२०२६

हो दादा. बाबांना सांगितलं आत्ताच. शनिवारी साडेदहाची मिळाली.